चौथीच्या यादीचा फोटो

शैलजाबाईंनी चौथीच्या यादीचा फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकला आणि दुसऱ्या दिवशी चौतिसाव्या नंबरची मुलगी वर्गात नव्हती. गैरहजर नव्हती, नव्हतीच. तिचा बाक तिच्या जागेपुरता आखूड झाला होता आणि त्यावरच्या दोघी नेहमीसारख्या ऐसपैस बसल्या होत्या.

“स्नेहल येरुणकर कुठाय?” बाईंनी विचारलं.

मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. “बाई, आपल्या वर्गात तेहतीसच आहेत.”

परीक्षेच्या अर्जात नावं चुकू नयेत म्हणून पालकांनी यादी एकदा तपासावी, एवढीच मुख्याध्यापक घागसरांची इच्छा होती. पण बहुतेकांच्या मोबाइलवर फाइल उघडेना. “बाई, तिचा फोटो करून टाका,” सर म्हणाले होते. “फोटो कुणालाही दिसतो.”

मधल्या सुट्टीत बाईंनी तो फोटो उघडून पाहिला. खालची कड कापली गेली होती. यादी तेहतिसाव्या नावापाशी संपत होती.

त्या तडक येरुणकरांच्या घरी गेल्या. स्नेहलची आई पायरीवर बसली होती. मांडीवर फणी, दातांत लाल रिबीन, आणि दोन्ही हातांनी ती समोरच्या रिकाम्या जागेत वेणी घालत होती.

“स्नेहल?” बाई म्हणाल्या.

आईने दातांतली रिबीन काढली. “मला मूल नाही हो, बाई. पण सकाळपासून हात थांबेनात. काय करू?”

शाळेत परत येऊन त्यांनी कॉम्प्युटरवरची मूळ फाइल उघडली. चौतिसावं नाव तिथे शाबूत होतं. त्यांनी अख्खी यादी लहान केली, चारही बाजूंना कोरी जागा सोडली, नावं दोनदा मोजली आणि नवा फोटो ग्रुपवर टाकला.

दुसऱ्या दिवशी स्नेहल आली. ती बाईंच्या गुडघ्याएवढी होती. सगळीच मुलं गुडघ्याएवढी होती. एकमेकांच्या खांद्यावर पाय देऊन ती बाकांवर चढत होती आणि वर पोचली की शहाण्यासारखी हाताची घडी घालून बसत होती.

बाई घागसरांकडे धावल्या. “सर, माझी मुलं बघितलीत?”

“चौतीस आहेत ना?” सर ऑफिसच्या दारातूनच म्हणाले. “मग झालं तर.”

तेवढ्यात ग्रुपवर पालकांची तक्रार सुरू झाली. अक्षर बारीक आहे, वाचता येत नाही. मग एकाने तो फोटो मोठा करून त्याचाच फोटो काढला आणि परत पाठवला. दुसऱ्याने तो आणखी मोठा केला. दर खेपेला यादी थोडी अधिक पुसट होऊन बाईंच्या मोबाइलवर येई, आणि दर खेपेला वर्गात काहीतरी सरके. आधी नाकं गालांत पसरली. मग डोळ्यांच्या कडा गेल्या. बाईंनी घाईघाईने लिहिलं, “कृपया फोटो पुढे पाठवू नये.” अकरा जणांनी अंगठा दाखवला आणि तो निरोप फोटोसकट पुढे पाठवला.

शेवटच्या तासाला त्यांनी हजेरी घेतली. प्रत्येक नावाला अख्खा वर्ग एकदम “हजर, बाई” म्हणाला. आपण कोण, हे मुलांनाही नक्की सांगता येत नव्हतं.

शाळा सुटली. फाटकापाशी आया येऊन थांबल्या होत्या. मुलं बाहेर येताच प्रत्येकीने वाकून एकेक हात धरला. कुणी चेहरा पाहिला नाही. हात लहान होता, ऊबदार होता. तेवढं त्यांना पुरलं. ज्या आईला अजूनही मूल नव्हतं ती अर्थातच आली नव्हती, म्हणून पटांगणात एकच लेकरू उरलं. त्याने बाईंच्या हातात हात दिला.

“तू स्नेहल ना?” बाईंनी विचारलं.

“तुम्ही म्हणाल ती,” लेकरू म्हणालं.

ऑफिसच्या खिडकीतून घागसर डोकावले. त्यांच्या हातात मोबाइल होता. “बाई, यादी फारच पुसट झालीय हो. शोभत नाही. सगळ्यांच्याच मोबाइलवरून काढून टाकतो.”

“सर, थांबा!”

“काढलीसुद्धा.”

पटांगणात एकदम शांत झालं. फाटकाबाहेर बाया उताराने चालल्या होत्या, एका बाजूला झुकून, गुडघ्यापाशी मूठ धरून, तोंडाने काहीबाही सांगत. मुठींच्या खाली नुसता रस्ता होता. एकीनेही मान वळवली नाही.

शैलजाबाईंनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं नाही. मूठ त्यांनी आणखी घट्ट आवळली.