साहेबांचं बूड आणि टाकीची नळी

सासऱ्यांनी आयुष्यभर गावाला पाणी पुरवलं आणि निवृत्त झाल्यावर घरात टाकी मांडून दोन अ‍ॅक्सोलॉटल, म्हणजे पाण्यात राहणारे पालीसारखे प्राणी, पाळले. मानेला लाल झालरी, चेहऱ्यावर कायमचं हसू आणि दिवसभर काम शून्य. म्हणून एकाचं नाव त्यांनी साहेब ठेवलं, दुसऱ्याचं हेडक्लार्क. ऑफिसात ज्यांच्यापुढे ब्र काढता आला नाही, त्यांना आता ते चिमट्याने गांडुळं भरवत.

सुनेचं वाकडं जनावरांशी नव्हतं, बादल्यांशी होतं. रोज पाणी बदलताना न्हाणीघरापर्यंत ओहोळ, आणि नऊ महिन्यांची तिची लेक रांगत येऊन तोच चाटणार. त्या पाण्यात कोणकोणते जंतू असतात ते सुनेने वाचून ठेवलं होतं, त्यामुळे झोपेचा प्रश्न मिटलाच होता. एके दिवशी लेक त्या ओल्यात घसरून कपाळावर आपटली. टेंगूळ शेकता शेकता सुनेने निकाल दिला: "बाबा, यापुढे टाकीचं पाणी फरशीवर आलं, तर दोघांची बदली."

बाबा दोन दिवस नीट जेवले नाहीत. मग नळाला तोटी जोडली, क्लोरीन काढणारा फिल्टर लावला, आणि सलाईनसारख्या नळीतून टाकीत सतत थेंब सुरू केले. जितकं पाणी आत येईल तितकंच तळाच्या जाळीतून घाणीसकट दुसऱ्या नळीत शिरून मोरीत पडणार. बादलीचं नाव नको. जाळी तुंबली तर, असं सुनेने तीनदा विचारलं. अख्खं गाव तुंबू दिलं नाही, असं बाबा म्हणाले. तुंबलं तेव्हा हे रजेवर होते, असं सासूबाई आतून म्हणाल्या.

चौथ्या दुपारी घर घोरत होतं. सून लेकीजवळ आडवी होती आणि मोरीत पाणी टपटपत होतं. मग टपटप थांबली. रांगत्या पोराच्या आईला आवाजाची भीती नसते, शांततेची असते. तिने आधी लेकीच्या नाकाशी बोट धरलं. श्वास चालू होता. मग ती टाकीपाशी गेली.

साहेब जाळीवर बूड टेकून बसले होते. अगदी बेताचं, मापाचं बूड. आत थेंब पडतच होते आणि पाणी काठाला पोचायला जेमतेम बोटभर उरलं होतं. हेडक्लार्क कोपऱ्यातून हसत पाहत होता.

परत जाऊन लवंडलं, की झालं. तासाभरात फरशीवर तळं, संध्याकाळी बदली, आणि आपण काहीच केलेलं नाही. आपण तर झोपलो होतो. ती खरंच दोन पावलं मागे आली. मग तिला बाबांचं ते न जेवलेलं ताट आठवलं आणि स्वतःचाच राग आला. तिने बाही वर केली, डोळे मिटले आणि हात घातला. गार, बुळबुळीत, पोराच्या ओल्या गालासारखं काहीतरी हाताला लागलं. साहेब नाइलाजाने सरकले. मोरी पुन्हा बोलू लागली.

मागे वळली तर दारात बाबा. काठापर्यंत चढलेलं पाणी त्यांनी पाहिलं, आणि अर्ज नामंजूर झाल्यासारखा त्यांचा चेहरा पडला.

"कधी न्यायचे यांना?" त्यांनी हळूच विचारलं.

"न्यायचे नाहीत. काठाखाली दुसरी वाट काढा, बुडाच्या आवाक्याबाहेर. आत्ता, ही पोर उठायच्या आत."

बाबा ड्रिल शोधायला असे पळाले, की गुडघेदुखीही विसरले. सुनेला मात्र हलता येईना. साहेब मागे मागे सरकत पुन्हा जाळीच्या खुर्चीकडेच निघाले होते, आणि ती कोपरापर्यंत पाण्यात, त्यांचं बूड एका बोटाने अडवून उभी होती.