मिठाची मूठ

दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना, तेव्हा दिनानाथचा धीर सुटला. त्याची बायको भामा गेली ती साध्या तापाचं निमित्त होऊन, कोणाला काही न सांगता. आता तिचा जीव कशात अडकलाय ते कोणाला विचारायचं? खाडीकाठी सगळे ताटकळत उभे. मुलगा प्रितम म्हणाला, बाबांना जपेन. सून किशोरी म्हणाली, तुमच्या देवांचं सगळं करीन. कावळे आपले फांदीवर ढिम्म. शेवटी दिनानाथ पुढे झाला, पिंडासमोर ओणवा झाला आणि पुटपुटला, "तुला गुलाब लावीन, भामे. जगवीन." तेव्हा कुठे एक कावळा खाली उतरला.

एवढासा गुलाब, पण भामाची ती जन्मभराची हौस होती. पनवेलच्या बाजारातून म्हणू नका, माहेरच्या लग्नघरातून म्हणू नका, भामा जिथून तिथून फांदी आणायची आणि मागच्या दारी धुण्याच्या दगडापाशी लावायची. फांदीला पालवी फुटायची, मग पानांच्या कडा करपायच्या आणि झाड वाळून जायचं. "माज्या हाताला गुण नाय," ती म्हणायची. पहिली मुलगी पाळण्यात घालायच्या आधीच गेली होती, तेही तिने त्याच हातांच्या नावावर मांडलं होतं. पुढे पुढे तर भावकीत कोणी वाल-काकडी लावायला बसलं की ती आपणहून बाजूला सरायची. दिनानाथने यावर कधी वाद घातला नाही. असतं एकेकाचं, एवढंच म्हणायचा.

आता मात्र शब्द दिला होता, तोही गेलेल्या माणसाला. त्याने नेऱ्याकडच्या नर्सरीतून गुलाबाची चांगली कलमं आणली, खड्डे काढले, शेणखत घातलं आणि वर घरातली एकेक मूठ मीठ. हा त्यांच्या घराण्याचा रिवाज. बापजाद्यांची मिठागरं होती. ती आता भरावाखाली गेली, वरून विमानं उतरतात. पण रिवाज राहिला. दारात कोणीही काही लावो, मागाहून घरधन्याने जायचं आणि मुळाशी आपल्या घरचं मीठ घालायचं, मुकाट्याने, कोणाच्या नजरेस न पडता. मिठाला जागून झाड घरचं होतं म्हणे. घरामागचे माड त्याच मिठावर वाढलेले, अजून नारळांनी लगडतात.

गुलाब लागले. आणि मग सुरू झालं ते.

सकाळी बघावं तर गुलाबाच्या आळ्यात चिखल. ओलावा नव्हे, पाणी उभं राहून जिरल्यावर होतो तसा रेंदा. पाऊस नव्हता. भामाची तांब्याची कळशी ती गेल्यापासून दगडावर उपडी घातलेली, ती उताणी आणि आतून ओली.

"किशोरे, पानी तू घालतेस?"

"नाही बाबा. तुम्हीच बोललात ना, आईंच्या झाडांना कोणी हात लावायचा नाही."

प्रितमला विचारायची सोय नव्हती. तो सूर्य उगवायच्या आत खारघरला कामावर जायचा आणि घरात पाण्याचा पेलाही स्वतः भरून घ्यायचा नाही.

मग एकदा फटफटत असताना दिनानाथ मागच्या दाराशी जाऊन बसला. आधी कळशीचा काठ दगडाला लागल्याचा आवाज झाला. बेताचा, रोजच्या सवयीचा. मग पाणी पडू लागलं. माणूस दिसत नव्हतं, कळशी जागची हललेली दिसत नव्हती, पण आळं भरत होतं आणि माती काळी होत होती. भामाच्या केसांच्या तेलाचा वास त्याच्या अगदी शेजारून गेला. त्याच्या अंगावर सरसरून काटा आला, आणि खरं सांगायचं तर तेवढाच आनंदही झाला.

पण पानांच्या कडा करपू लागल्या, तसा आनंद जळून गेला. एक कलम वाळलं, मग त्याच्या शेजारचं. बाई झाडं बुडवून मारते आहे, त्याला वाटलं. ती जन्मभर गुलाबासाठी झुरली तेव्हा आपण कधी आणून दिला नाही, म्हणून आता नको म्हणते. "राग हाय ना माज्यावर? मग मला धर," तो रिकाम्या अंगणाला म्हणाला. "झाडांनी काय केलाय तुजं?" उरलेल्या गुलाबाला बळ यावं म्हणून त्याने आणखी एक मूठ मीठ घातलं. दुसऱ्या सकाळी पाणी आळं फोडून पार गटारीपर्यंत वाहून गेलं होतं.

उन्हं वर आली. फुटलेलं आळं बांधायला म्हणून तो फावडं घेऊन गेला आणि थबकला. पाणी गेलं त्या वाटेवर, ओल सुकली होती तिथे, पांढरी रेघ उठली होती. ही रेघ कशाची ते त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. बोटाने उचलून त्याने जिभेवर ठेवली. त्याच्याच घरचं मीठ होतं.

खारी जमीन भातासाठी गोडी कशी करतात हे त्याला लहानपणापासून ठाऊक. गोडं पाणी भरून ठेवायचं, सोडून द्यायचं, परत भरायचं. लग्न होऊन आल्यावर भामाही बांधावर हेच करत होती. ती गुलाब बुडवत नव्हती, धुवत होती. तो घालत होता आणि ती धुवत होती.

आणि मग, फार उशिरा, आधीचे गुलाब त्याला आठवले. तिने लावलेली एकेक फांदी, आणि तिची पाठ वळल्यावर मुळाशी जाणारी त्याची मूठ. किती मायेने घालायचा तो. माडाला मीठ मानवतं, गुलाब त्यानेच जळतो, हे मिठागराच्या मालकाला कळू नये? आणि ती बिचारी आपले हात बघत बसायची. दिनानाथ तोंडात पंचा कोंबून रडला.

त्या दिवसापासून पाणी तो घालू लागला. कळशीमागून कळशी, आळं भरायचं, सोडायचं. पहाटे तीही घालत असे, चिखल सांगायचा. दोघांनी मिळून इतकं काम मिठागर सुटल्यापासून केलं नव्हतं. उरलेल्या कलमाने हळूहळू लाल कोंब टाकले, आणि एका सकाळी पानाआड टपोरी कळी दिसली.

त्या सकाळी माती कोरडी होती. कळशी उपडी होती, आतून सुकी. दुसऱ्या दिवशीही तसंच.

तिसऱ्या दिवशी दिनानाथ स्वयंपाकघरात गेला, बरणीत हात घातला आणि मूठ भरून गुलाबापाशी येऊन उभा राहिला. एवढी एकच मूठ. ती आली असती. त्याला खात्री होती. झाड करपू लागलं की तिला राहवलं नसतं.

"बाबा, हातात काय आहे?" किशोरीने दारातून विचारलं.

"काय नाय."

त्याने कळीकडे पाहिलं. मग गटारीकडे गेला, मूठ सोडली, हात धुतला आणि कळशी भरून आणली.

"भामे, तुज्या हाताला झाड लागलं," तो म्हणाला. "तुज्या हाताला गुण हाय. नेहमीच होता."

त्याने आळ्यात पाणी ओतलं आणि कळशी दगडावर उपडी घातली.