शिळं पाणी

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी कस्तुरी टबातल्या पाण्यात विरघळली, आणि टबातलं पाणी चार बोटं वर आलं.

तिची आई उर्मिला तीन पावलांवर दोरीवर कपडे वाळत घालत होती. तिने सगळं पाहिलं. आधी पाय गेले, मग गुडघे, मग पिवळा फ्रॉक रिकामा होऊन पाण्यावर पसरला. केस सगळ्यात शेवटी गेले. पोरगी सात वर्षांची होती आणि जाईपर्यंत हसत होती. उर्मिलाने फ्रॉक उचलला, टबावरच घट्ट पिळला, दोरीवर टाकला आणि टॉवेल घेऊन आली.

"बस झालं आता. ये बाहेर."

"पाच मिनिटं," पाणी म्हणालं. आवाज कस्तुरीचाच होता, फक्त सर्दी झाल्यासारखा.

"पाचच हं."

"हो गं."

उर्मिला टॉवेल खांद्यावर टाकून टबाशी उभी राहिली.

त्या कॉलनीत नळ आठवड्यातून एकदा येत, मंगळवारी, चाळीस मिनिटं. नळ आले की घरात साठवलेलं पाणी त्याच क्षणी शिळं होई. सोमवारी रात्रीपर्यंत ज्यातला पेलाभर सांडला तर पाठीत धपाटा बसे, तेच पाणी मंगळवारी झाडांना, पायऱ्यांवर, रस्त्यावर ओतून टाकत आणि भांडी घासून पुन्हा भरत. पोरांचा पाण्यातला खेळ याच एका सकाळी असे. नियमही एकच होता: शिळ्या पाण्यात वाट्टेल तो धुडगूस घाला, ताज्याला हात लावायचा नाही. उर्मिलाच्या अंगणात हवा भरायचा निळा टब होता म्हणून गल्लीतली सगळी पोरं तिथे जमत. स्पंज भिजवून पळायचं आणि समोरच्या बादलीत पिळायचा, भोकं पाडलेल्या बाटलीखाली बसायचं, फुगे भरून एकमेकांच्या पाठीवर फोडायचे.

म्हणजे कस्तुरी विरघळली ती शिळ्या पाण्यात.

शेजारच्या पारखे काकूंची नात मैथिली, वय वर्षं नऊ, स्पंज घेऊन टबाशी आली.

"कस्तू कुठंय?"

"टबात."

मैथिलीने वाकून पाहिलं. "मग आम्ही कुठं खेळायचं?"

"आज नाही. जा घरी."

"पूर्ण टब तिलाच?" मैथिली म्हणाली आणि रागारागाने निघून गेली.

कस्तुरीचे वडील सुधाकर एसटीवर चालक होते. संध्याकाळी ड्यूटीवरून आले तेव्हा उर्मिला टबाशीच उभी होती. त्यांनी चपला काढल्या, टबात बघितलं.

"किती वेळ झाला?"

"सकाळपासून. पाच मिनिटं म्हणते."

"डॉक्टरला दाखवायचं का?"

"कशात नेणार? बादलीत? चौकापर्यंत सगळा रस्ता खोदून ठेवलाय. अर्धी सांडेल ती."

सुधाकरांनी यावर विचार केला. रोज तो रस्ता त्यांच्याच चाकांखालून जात होता. "खरंय," ते म्हणाले. "खेळून झालं की येईल. सुट्टीच आहे तिला."

दोघांनी मिळून टबावर चादर टाकली आणि चारी बाजूंनी विटा ठेवल्या.

बुधवारी दुपारी पारा त्रेचाळीसवर गेला. चादर काढली तेव्हा पाणी एक बोट उतरलेलं होतं. उर्मिलाने सावकाश विचारलं, "सात चोक किती?"

"माहीत नाही."

"परवा तर येत होता सातचा पाढा."

"परवा होता," कस्तुरी म्हणाली. तिला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही.

उर्मिलाने घरात जाऊन पिंपातलं तांब्याभर पाणी आणलं, ताजं, कालच भरलेलं, आणि टबात ओतायला घेतलं. धार पडताच टबातलं पाणी एका बाजूला सरकलं आणि दुसऱ्या काठाशी गोळा झालं.

"आई, हे कोण आहे?"

"कोण म्हणजे? पाणी आहे."

"नाही. कुणीतरी आहे. काढ ना त्याला."

ओतलं होतं ते वाटीभरच, आणि ते मिसळलं नव्हतं. उर्मिलाने वाटीनेच ते वेगळं काढलं आणि कढीपत्त्याला घातलं. उरलेला तांब्या परत पिंपात ओतला. मुलं खेळताना काय वाट्टेल ते बोलतात. पण त्यानंतर तिने वरून पाणी घालायचा प्रयत्न केला नाही. जेवढी कस्तुरी होती तेवढीच जपायची होती. खेळून झाल्यावर ती बाहेर येईल तेव्हा पुरी यायला हवी होती. एखादा हात किंवा कान कमी पडला तर तो कुठून आणणार?

गुरुवारी कस्तुरी रडली. "मला खेळायचंय. मी नुसती पडून आहे इथं." टबाच्या कडेला पाण्यावर बारीक लाटा उठल्या. उर्मिलाने बोट बुडवून जिभेला लावलं. खारट होतं.

तिने गल्लीतल्या पोरांना बोलावलं, ओळीत उभं केलं आणि सांगितलं, "एक थेंब बाहेर जाता कामा नये. टबातून घ्यायचं, टबातच पिळायचं."

"काकू, मग ती शर्यत कसली?" एकाने विचारलं.

"तशीच शर्यत."

पोरं अर्धा तास खेळली. स्पंजातून कस्तुरी इकडून तिकडे गेली. भोकं पाडलेली बाटली मैथिलीने टबावर उंच धरली तेव्हा कस्तुरी सात धारांतून एकदम हसली आणि सगळी पोरंही हसली. उर्मिलालाही हसू आलं. टॉवेल खांद्यावरून घसरला तो तिने पुन्हा टाकला. त्या अर्ध्या तासात तिचं लक्ष फक्त पोरांच्या पायांखाली होतं, फरशी ओली होते का ते बघायला. हातांकडे नव्हतं.

पोरं गेल्यावर तिने पट्टी धरली. दोन बोटं कमी होती. फरशी कोरडी होती.

ती पारख्यांच्या दारात गेली तेव्हा पारखे काकू शेवया वाळत घालत होत्या.

"मैथिलीने आमच्याकडून काही आणलंय का?"

"फुगा आणला होता बाई. पाण्याचा. भला मोठा."

"कुठंय?"

"तो राहतोय होय! आल्या आल्या फोडला की. आजोबांच्या पाठीवर. झोपले होते, दचकून उठले बिचारे." काकू हसू लागल्या. मग उर्मिलाचा चेहरा बघून थांबल्या. "का गं? रबराचा फुगा तो. दुसरा आणून देते."

आजोबांचा सदरा दोरीवर होता. उर्मिलाने तो हातात घेतला. कडकडीत वाळला होता.

त्या संध्याकाळी सुधाकरांनी टबाशी बसून हाक मारली तेव्हा कस्तुरी दुसऱ्या काठाशी सरकली. मग हळूच म्हणाली, "आई, हे काका कोण?"

सुधाकर उठले, हात धुतले आणि जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी लांब पल्ल्याची ड्यूटी मागून घेतली.

टब पसरट होता आणि पसरट भांड्यातलं पाणी लवकर उडतं. शुक्रवारी उर्मिलाने कस्तुरीला हंड्यात घेतलं. टबाच्या तळाला चिकटलेलं पाणी तिने स्पंजने टिपून हंड्यात पिळलं, तीन वेळा. हंडा गळ्यापर्यंतसुद्धा भरला नाही. शनिवारी ती कळशीत मावली. कळशी फ्रिजमध्ये ठेवून पाहिली, पण आतून दात वाजल्याचा आवाज येऊ लागला आणि उर्मिलाला तो सहन झाला नाही. रविवारी दुपारी झाकण थोडं सरकलेलं राहिलं, दोन चिमण्या कळशीच्या काठावर बसून पाणी प्यायल्या आणि उडून गेल्या. त्यानंतर कस्तुरीला पिवळा फ्रॉक आठवेना.

"बाहेर ये गं आता," उर्मिला दर तासाला म्हणे. आधी ती रागावून म्हणत होती, मग लाडीगोडीने. "कुल्फी देते. ये."

"पाच मिनिटं."

सोमवारी कस्तुरी एका तांब्याएवढी उरली. उर्मिलाने तिला पितळी तांब्यात घेतलं, वर ताटली ठेवली आणि तांब्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, जाता येता दिसेल असा.

दुपारी दोनला गवारे मामा आले. कॉलनीच्या नळांचा व्हॉल्व्ह त्यांच्या हातात असे आणि आदल्या दिवशी ते गल्लीतून फिरून वेळ सांगत. डोक्यावर ओला रुमाल होता. ते ओट्यावर टेकले.

"उद्या दहाला सोडतो. चाळीस मिनिटं. जास्तीचं मागू नका."

"मामा, उद्या सोडू नका."

"काय?"

"एक दिवस सोडू नका. परवा सोडा. आमच्याकडे भांडी रिकामी नाहीत."

"ताई, असं कधी ऐकलंय का? न सोडता गेलो तर ही कॉलनी मला त्या व्हॉल्व्हच्या खड्ड्यातच पुरेल." ते हसले आणि रुमालाने मान पुसली. "भांडी रिकामी करायला किती वेळ लागतो? ओतायचं शिळं."

"ओतलेलं कुठं जातं?"

"नालीत. नाली नदीला. मग खालच्या गावाचं धरण आहे, तिथून त्यांच्या नळाला. वाया कुठं जातंय?"

"आणि आपल्याला?"

"आपल्याला वरच्या गावाचं." एवढं बोलून त्यांनी खिडकीतून हात घातला, तांब्यावरची ताटली बाजूला केली आणि तांब्या उचलून तोंडाशी नेला.

उर्मिलाने तो दोन्ही हातांनी ओढून घेतला. मामांच्या ओठांना काठ लागला असेल तेवढाच.

"अहो, तहान लागली म्हणून घेतला," मामा म्हणाले. त्यांना वाईट वाटलं होतं. उन्हातून आलेल्या माणसाच्या हातातलं पाणी त्या घरात आजवर कुणी हिसकावलं नव्हतं.

"ते शिळं आहे," उर्मिला म्हणाली. तिने माठातलं पाणी आणून दिलं. मामा प्यायले आणि पुढच्या घराकडे निघाले.

ते गेल्यावर तिने तांब्या स्वयंपाकघरात नेला आणि ओट्यावर, पाण्याच्या भांड्यांच्या रांगेत सगळ्यात शेवटी ठेवला. बादली, पिंप, हंडा, कळशी, पातेली, तांब्या. इतक्या भांड्यांतून कुणी नेमका तोच उचलणार नाही.

मंगळवारी दहा वाजता गल्लीच्या तोंडाशी आरोळी उठली. "नळ आले!"

पहिली दहा मिनिटं दाब चांगला असतो. गल्लीतल्या सगळ्या घरांतून भांडी आपटल्याचे आवाज सुरू झाले. उर्मिला हे काम अकरा वर्षं करत होती आणि त्याचा क्रम ठरलेला होता. त्यात तिच्या हातांना तिची गरज पडत नसे. बादली कढीपत्त्याला. पिंप कलतं करून अंगणात. हंडा पायऱ्यांवर. कळशी रस्त्यावर. पातेली एकात एक घेऊन रस्त्यावर. ताटली बाजूला, तांब्या रस्त्यावर. पालथा तांब्या ओट्यावर टेकला तेव्हा टक् असा आवाज झाला.

त्या आवाजाने ती थांबली.

तिने तांब्या सरळ करून आत पाहिलं. तळाशी एक थेंब होता. तो काठापर्यंत घरंगळत आला आणि तिच्या मनगटावर उतरला.

"पाच," थेंब म्हणाला, आणि मनगट कोरडं झालं.

ती स्पंज घेऊन रस्त्यावर धावली. शिळं पाणी उताराने निघालं होतं. गल्लीतल्या नऊ घरांचं पाणी एक होऊन, साबणाचा फेस, भाजीचे देठ, बाटलीची दोन-तीन झाकणं घेऊन नालीकडे चाललं होतं. तिने गुडघ्यांवर बसून स्पंज दाबला, तांब्यात पिळला. "कस्तू?" पुन्हा दाबला, पिळला. "कस्तू, बोल गं." तांब्यात गढूळ पाणी होतं आणि ते गप्प होतं. पोरं बाजूने पाणी उडवत पळत होती. मैथिली थांबली.

"काकू, ही शर्यत आहे का?"

उर्मिला नालीपर्यंत गेली. नालीवर लोखंडी जाळी होती. जाळीखालून पाणी हसल्यासारखं वाजत पुढे गेलं, पण जाळीखालून जाणारं पाणी नेहमीच तसं वाजतं.

"उर्मिला!" पारखे काकू आपल्या दारातून ओरडल्या. "अगं, तुझा नळ नुसता वाहतोय! वीस मिनिटं गेली. आठ दिवस काय करशील? टब तरी लाव!"

उर्मिला परत आली. नळ खरंच वाहत होता. तिने निळा टब ओढला आणि नळाखाली लावला, कारण काकूंनी तसं सांगितलं होतं. पाणी स्वच्छ होतं. थंड होतं. ते टबात दणदणत पडलं, फिरलं, भरत वर आलं, आणि मग नळ चालू असतानाच चार बोटं खाली गेलं.

टबाच्या काठावर आतून पाच बोटं आली. फार वेळ पाण्यात राहिल्यासारखी सुरकुतलेली. मग दुसऱ्या हाताची पाच. मग ओले केस, बारीक कापलेले, आणि उर्मिलाने कधी न पाहिलेल्या एका मुलाचा चेहरा. त्याने डोळे मिटलेले होते. डोळ्यांत पाणी जाऊ नये म्हणून मुलं मिटतात तसे.

"मम्मी, झालं माझं खेळून," तो म्हणाला आणि हात पुढे केला. "टॉवेल दे."

टॉवेल उर्मिलाच्या खांद्यावर होता.