अमाईंचा शब्द

मित्रांनो, मी एक जुने टेबल आहे, पोकर नावाच्या पत्त्यांच्या खेळाचे. तो खेळ चांगला की वाईट, हे तुमची मोठी माणसे तुम्हाला सांगतील. मी आपले लाकूड. पण लाकडालाही ऐकू येते, आणि मी जे ऐकले ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

माझा जन्म लुसाका शहरात, लुबिंडा सुताराच्या छपराखाली झाला. लाकूड मुक्वाचे, लालसर आणि चिवट. लुबिंडा मूळचा नदीकाठचा. माझा लांबट गोल आकार पाहून त्याचा शेजारी म्हणाला, "काय रे, शहरात आलास तरी होड्याच करतोयस?"

"हो," लुबिंडा म्हणाला, "पण हिच्यात बसणारे सगळे बुडणार!"

दोघेही पोट धरून हसले. मग माझ्यावर हिरवे कापड ताणले, कडेला मऊ चामडे ठोकले, आणि एका हॉटेलच्या वरच्या मजल्यावर मी उभे राहिले.

मालकांना सगळे ब्वाना म्हणत. खोली सांभाळायला त्यांनी सरहद्दीपलीकडून, बुलावायोहून, नोकुथुला मासुकू नावाच्या बाईंना आणले होते. परक्या देशातल्या या बाईंना लोक थोड्याच दिवसांत अमाई म्हणू लागले, म्हणजे आई. हरलेला एखादा माणूस आरडाओरडा करू लागला, की अमाई त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसत आणि ताता, म्हणजे बाबा, अशी हाक मारून विचारत.

"ताता, आज घरी काय शिजलंय?"

"मक्याची न्शिमा आणि भेंडी," तो गुरगुरे.

"मग गरम आहे तोवर जा की!"

आणि तो खरेच उठून जाई.

पत्ते वाटणाऱ्यांत सिमासिकूचा हात सगळ्यांत हलका. त्याच्या बोटांतून पत्ता सुटला, की तो माझ्यावर कधी टेकला हे मलाही कळत नसे. पाहुणे त्याला नावाजत, मलाही नावाजत. मित्रांनो, ते दिवस बरे होते.

पुढे ब्वाना थकले. त्यांनी हॉटेल विकायला काढले. तेवढ्यात सिमासिकूला लिव्हिंगस्टनच्या एका मोठ्या हॉटेलातून बोलावणे आले. बायकोला दिवस गेलेले, त्यामुळे तो घाईवर आला होता. अमाईंनी त्याला थांबवून माझ्यासमोरच ब्वानांना विचारले, याला जाऊ द्यायचे का.

"एकालाही सोडू नकोस," ब्वाना म्हणाले. "हॉटेल घेणारे पाहायला येतील तेव्हा खोली चालती दिसली पाहिजे. नवे मालक सगळ्यांना ठेवणार आहेत. मला शब्द दिलाय त्यांनी."

अमाई सिमासिकूकडे वळल्या. "थांब तू. तुझी नोकरी कुठं जात नाही. मी आहे ना."

"तुम्ही म्हणताय म्हणजे झालं," तो म्हणाला, आणि त्याने लिव्हिंगस्टनला नकार कळवून टाकला.

विक्री झाली. नव्या मालकांच्या वतीने हाचिपुका नावाचे गृहस्थ आले. कडक इस्त्रीचे कपडे, गोड आवाज. त्यांनी माझ्या चामड्यावरून बोट फिरवले. "सुरेख टेबल," ते म्हणाले. "हे काढलं तर इथं जुगाराची यंत्रं किती मावतील?"

"आणि माझी माणसं?" अमाईंनी विचारले.

"यंत्रांना पत्ते वाटावे लागत नाहीत, मॅडम. तुम्ही मात्र राहा. देखरेखीला कुणीतरी लागेलच. शिवाय तुमचा इथं राहायचा परवाना आमच्या नोकरीवर आहे, हे लक्षात असू द्या."

"तुम्ही ब्वानांना शब्द दिला होता."

"शब्द? मी तर काही ऐकला नाही बुवा."

 अमाई म्हणाल्या, "माझ्या जागी सिमासिकूला ठेवा. मी जाते."

हाचिपुका मोठ्याने हसले. "नोकरी म्हणजे काय कमरेचं चितेंगे आहे, सोडून दुसऱ्याला गुंडाळायला? जायचं तर जा. तो काही राहणार नाही."

"मग मीही नाही राहत," अमाई म्हणाल्या. हे ऐकायला त्या दोघांखेरीज खोलीत फक्त मी होते.

बाकीच्यांना त्यांनी स्वतःच सांगितले. सगळे माझ्याभोवती उभे होते. सिमासिकूने मान खाली घातली. "लिव्हिंगस्टनची जागा भरली, अमाई. सकाळीच विचारलं मी. जिन्यात त्या हाचिपुकाचा चेहरा पाहिला, तेव्हाच कळलं होतं मला."

मुटिंटा नावाची एक पत्ते वाटणारी होती, तोंडाची फटकळ. ती म्हणाली, "तुम्ही मात्र राहणार म्हणे. खाली तो हाचिपुका सांगत होता. चला, आता यंत्रांच्या अमाई व्हा! त्यांना न्शिमा भरवा!"

अमाईंनी तोंड उघडले आणि मिटले. "मीही जातेय" एवढेच म्हणायचे होते. पण त्या म्हणाल्या नाहीत. सिमासिकूला थांबवले आपणच, आणि तेवढे बोलून आपण स्वस्तात सुटू, असे त्यांना वाटले असावे. निरोप न घेताच सगळे जिना उतरून गेले. मग अमाईंनी माझ्यावर कपाळ टेकले, आणि कापड ओले झाले. त्या आठवड्यात त्या बुलावायोच्या बसने गेल्या. पुन्हा आल्या नाहीत.

मी दारातून निघेना, म्हणून मला करवतीने मधोमध कापले. एक अर्धे चुलीत गेले. दुसरे बाजारात एका बाईच्या दुकानात आहे, माझ्यावर सुकी कापेंटा मासळी मांडलेली असते. परवा मुटिंटा मासळी घ्यायला आली. तिने मला ओळखले नाही.

"तुमच्याबरोबरचा तो सिमासिकू कुठं असतो गं?" दुकानवालीने विचारले.

"विटा वाहतोय कुठंतरी. बाळही जगलं नाही बिचाऱ्याचं. त्या परदेशी बाईनं आम्हाला विकलं आणि स्वतःची खुर्ची सांभाळली."

मी ओरडले असते, पण लाकूड कुठून ओरडणार? मुटिंटाने मासळी पिशवीत भरली आणि ती गेली.

मित्रांनो, माझ्या तुटक्या अंगाची काळजी करू नका. पण दुसऱ्याने दिलेला शब्द पारखल्याशिवाय पुढे देऊ नका, त्यावर कुणाचे तरी घर उभे असते. आणि कुणी दोष ऐकूनही गप्प उभे असेल, तर जिना उतरण्याआधी एकदा, एकदाच, त्याला विचारा. तुम्हाला बोलता येते.