केरबाच्या पाळीचं पाणी

आमची विहीर चौघांत आहे, वडिवळ्याच्या अलीकडे, भातखाचरांच्या कडेला. चार हिस्सेदार आणि रोज एकाची पाळी. ज्याची पाळी त्याने मोटर लावायची, पाचव्या दिवशी पुन्हा पहिला. मोट होती तेव्हापासूनचा हा रिवाज. यंदाच्या उन्हाळ्यात मात्र पाणी भराभर उतरू लागलं आणि माझा संशय केरबावर गेला. केरबा माझा चुलतभाऊ. त्याने नवी मोटर घेतली होती.

त्याची पाळी लागताना आणि संपताना मी विहिरीत टेप सोडून बघायचो. दर वेळी पाणी बरंच उतरलेलं. शेवटी मी दोन आठवड्यांनंतरच्या रविवारी भावकीची बैठक ठेवली. केरबाची पाळी बंद करा, असं चारचौघांत सांगणार होतो. त्याच्या घरी जाणं तर आधीच सोडलं होतं.

माझी नात प्रेरणा तळेगावला इंजिनिअरिंग शिकते. सुट्टीला आली तेव्हा तिने विचारलं, "आबा, बाकीच्यांच्या पाळीला किती उतरतं?"

"त्ये कशाला बघू? पानी तर केरबा उपसतोय."

माझी बायको नंदाबाई चुलीपाशी बसूनच बोलली, "कोंबडी हरवली तर ह्ये निसतं केरबाच्याच खुराड्यात वाकून बघत्यात."

बैठकीला अजून अवकाश होता. प्रेरणाच्या सांगण्यावरून मी आठ दिवस रोज सकाळी माप घेतलं. पाणी उतरलं ते इंचांत असं: नऊ, सहा, सात, पाच, आठ, सात, नऊ, पाच. पहिला आणि पाचवा दिवस केरबाचा.

"ह्यातून काय कळतंय? समदं खालीवर हाय," मी म्हणालो.

"किती दिवसांची लाट आहे, म्हणजे किती दिवसांनी पाणी पुन्हा जास्त उतरतं, ते काढू. मोबाइलवर लगेच होईल, पण मग तुम्ही म्हणाल, मोबाइलने केरबाआबांची बाजू घेतली. हातानेच करू."

तिने सांगितलेली रीत अशी. एक लाट मनात धरायची, प्रत्येक आकड्याला त्या लाटेच्या उंचीने गुणायचं, लाट वर असेल तिथे अधिक, खाली असेल तिथे उणे, आणि बेरीज घ्यायची. लाट आकड्यांशी जुळली तर बेरीज फुगते. नाही जुळली तर अधिक-उणे एकमेकांना खाऊन टाकतात.

आधी चार दिवसांची लाट धरली, कारण केरबाची पाळी दर चार दिवसांनी येते आणि माझा राग त्या पाळीवर होता. पहिला दिवस अधिक, तिसरा उणे, पाचवा अधिक, सातवा उणे: बेरीज आली एक. लाट कुठल्या दिवशी चढते ते ठाऊक नसतं, म्हणून मधल्या दिवसांचंही तसंच करायचं. तिथे आले तीन. दोन्हींचा वर्ग करून मिळवले, दहा झाले.

मग दोन दिवसांची लाट. एक अधिक, एक उणे, शेवटपर्यंत. मी दोनदा करून पाहिलं. दहा आले; वर्ग शंभर.

आणखी दोन लाटांत पॉइंट सातचे गुणाकार होते. ते प्रेरणाने केले. एकीचे सातच्या वर थोडे, दुसरीचे साडेचार. पुढच्या लाटा ह्यांच्याच सावल्या, त्या सोडल्या. तिने कोळशाने ओट्यावर चार काठ्या काढल्या, आकडा मोठा तेवढी काठी उंच. याला पॉवर स्पेक्ट्रम म्हणतात म्हणाली. तीन काठ्या बुटक्या, आणि शंभराची उसासारखी उभी.

"केरबाआबा एकटेच जास्त उपसत असते, तर चार दिवसांची काठीही एवढीच उंच आली असती," प्रेरणा म्हणाली. "हे कुणाच्या पाळीचं नाही. एक दिवसाआड काहीतरी होतंय."

नंदाबाईने ओट्याकडे बघितलंही नाही. "नळाला पानी कवा येतंय? एक दिवसाआडच ना? होळीपासनं तसंच चाललंय. नळ कोरडा असला की आख्खी वस्ती विहिरीवर. मी बी हंडे भरून आनते. तुमी आंघोळ कशानं करता?"

मी ओट्यावर बसलो. केरबाची पाळी नेमकी कोरड्या दिवशी पडत होती आणि पाचव्या दिवशी ती फिरून आली की पुन्हा कोरडाच दिवस. त्याच्यानंतर दोन दिवसांनी दुसरा हिस्सेदार हौशीराम, त्याची पाळी, तोही दिवस कोरडाच. पण त्या दिवशी मी कधी टेप सोडली नव्हती. छातीवरचा दगड कुणी उचलून बाजूला ठेवावा तसं वाटलं. अजून कुणासमोर तोंड उघडलं नव्हतं.

संध्याकाळी केरबाकडे गेलो. तो अंगणात दावं वळत होता. मला बघून उठला नाही.

"बैठक कशाची ठेवलीय, भाऊ? मला कुनी सांगंना."

"पान्याची. नळ कोरडा असंल त्या दिवशी वस्तीला पानी लागतंय. त्या दिवशी मोटर उशिरा लावायची का, इचारायचं हाय समद्यांना."

"मला वाटलं, माझ्या मोटरीची हाय."

"तिचाबी इचार चाललाता. सुटली ती."

केरबाने दावं खाली ठेवलं. मग हसायला लागला. "पोरीनं सोडवली का वहिनीनं?"

"दोघींनी."

"तरीच. मग च्या पिऊनच जावा. लय दिस उंबरा शिवला न्हाई तुमी."

मी चप्पल काढली आणि आत गेलो.