कुठे निघालात?

खंडेरावचं पत्र आलं तेव्हा दिवाळी नुकतीच झाली होती. खंडेराव माझा कॉलेजपासूनचा मित्र, वणीला राहतो. कान गेल्यापासून फोन त्याच्या उपयोगाचा राहिला नाही, म्हणून तो पत्रं लिहितो. गावातल्या मुलांसाठी त्याने एक छोटं वाचनालय काढायचं ठरवलं होतं. 'पुस्तकं आली आहेत,' त्याने लिहिलं होतं, 'पण खोकी अजून फोडलेली नाहीत. तू जन्मभर ग्रंथपाल होतास. कपाटं तू लावून दे, मग आपण दार उघडू. कधी येतोस ते कळव.'

मी कळवलं नाही. 'येतो' लिहावं तर ते खोटं ठरलं असतं, आणि 'येत नाही' लिहावं तर का ते सांगावं लागलं असतं. सातपूरहून वणी काही फार लांब नाही. पण मला तेव्हा आमच्या गल्लीच्या कोपऱ्यापर्यंतही जाता येत नव्हतं.

याची सुरुवात बसमध्ये झाली होती. बस सिग्नलला उभी असताना एकाएकी छाती धडधडायला लागली, हातांना मुंग्या आल्या, श्वास पुरेना. संपलं, असंच वाटलं. मुलाने, रविराजने, दवाखान्यात नेलं. ईसीजी चांगला निघाला. पुढे भाजीबाजारात तसंच झालं, आणि पुन्हा ईसीजी चांगलाच निघाला. "हृदय उत्तम आहे काका," डॉक्टर म्हणाले. हृदय उत्तम असलेल्या माणसाला आपण मरतोय असं का वाटावं, हे विचारायचा मला संकोच वाटला. मी बस सोडली, मग बाजार सोडला, मग कोपराही. कुणाला त्यात वावगं दिसलं नाही. पुस्तकातला माणूस, बसला असेल वाचत.

दिसलं ते फक्त मालनला, माझ्या बायकोला. तिने चौकशी करून मनोविकारतज्ज्ञ गाठले. त्यांनी एक गोळी सुरू केली आणि निकिता नावाच्या मानसोपचारतज्ज्ञ मुलीला घरी पाठवलं. मला वाटलं होतं, ही माझं बालपण विचारील. तिने मला जिना चढउतार करायला लावलं, घाम फुटेपर्यंत.

"छाती धडधडतेय का काका?"

"हो."

"हातांना मुंग्या?"

"थोड्या."

"मेलात का?"

मालन तोंडाला पदर लावून हसली. मलाही हसू आलं, फार दिवसांनी.

"हे सगळं शरीर रोज करतं," निकिता म्हणाली. "भीती वाटली की ती चढते, आणि काही केलं नाही तरी आपोआप उतरते. तुम्ही ती उतरायच्या आत घरी पळून येता. मग मनाला वाटतं, घर होतं म्हणून वाचलो. आपल्याला मनाला इतकंच दाखवायचंय, की तिथेच उभं राहिलात तरी ती उतरते."

मग अभ्यास ठरला. आधी फाटक, मग गल्लीचा कोपरा, मग चौक. पण कोपऱ्याशीच गाडी अडली. त्याचं कारण लिहायला मला जरा लाज वाटते.

आमच्या शेजारी गुलजारबी राहतात. सकाळी दाराशी बसून त्या भाजी निवडतात, आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाची चौकशी करतात. मी फाटकाबाहेर पडलो की हाक यायची, "कुठं निघाले भाईसाब?"

बाहेर निघालेल्या माणसाला 'कुठे' असं विचारू नये, आणि कुणी विचारलंच तर घरात परत यावं, क्षणभर बसावं, पाणी प्यावं आणि मग निघावं, अशी आमच्या घरची रीत. आई फार पाळायची. मी परत फिरायचो. मालन पाण्याचा तांब्या घेऊन उभीच असायची. मी बसायचो, पाणी प्यायचो, आणि इतकं हलकं वाटायचं की काय सांगू.

निकिताला हे कळलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, "पाणी पिऊन झाल्यावर पुन्हा निघालात कधी?"

मी मालनकडे पाहिलं.

"एकदाही नाही," मालन म्हणाली. "आणि हे म्हणे शकुन पाळतात. लग्नात मुहूर्त टळत होता तर बोहल्यामागे पुस्तक वाचत बसले होते."

मग मालन गुलजारबींना सांगून आली, की यांना काही विचारू नका, यांना बरं नाही. गुलजारबींनी ते सगळ्या गल्लीला सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी बाहेर पडलो तर गल्ली चिडीचूप. गुलजारबी खाली मान घालून मेथी निवडत होत्या. समोरचा फराज स्कूटर पुसता पुसता पाठमोरा झाला. सगळे माझ्यासाठी श्वास धरून बसले होते, त्यामुळे मलाही श्वास घेता येईना. मी तसाच आत आलो.

त्या दिवशी सगळं सोडून द्यावंसं वाटलं. रविराज म्हणाला, "बाबा, खंडेरावकाकांच्या मुलीचा फोन आला होता. खोकी अजून तशीच आहेत. काका म्हणतात, त्याचं उत्तर येऊ दे." मी पुस्तक उघडून बसलो, पण पान काही उलटलं नाही.

निकिताने सारी हकिकत ऐकली आणि म्हणाली, "उलटं करू या. सगळ्यांना सांगा, रोज विचारा. काकांनी उत्तर द्यायचं आणि चालत राहायचं. पाणी नाही."

"अहो, पण आईंची रीत," मालन अडखळली. मग स्वतःच म्हणाली, "आईंना हे घरात बसलेले आवडले नसते."

तेव्हापासून गल्ली सुटलीच. "कुठं निघाले भाईसाब?" गुलजारबी ओरडायच्या. "कोपऱ्यापर्यंत," मी पुटपुटायचो. "जोरात बोला, सुनाई नाही आलं." फराज म्हणायचा, "काका, कोपऱ्यावर काय ठेवलंय रोज?" प्रत्येक वेळी पाय आपोआप मागे वळायला बघत. काही वेळा वळलेही. पण हळूहळू कोपरा मागे पडला.

मग एका सकाळी मी पत्र लिहिलं. बरीच पानं फाडली. शेवटी साधंच लिहिलं.

'प्रिय खंडेराव, मला घाबरून जाण्याचा आजार झाला आहे. म्हणून उत्तर दिलं नाही. उपचार चालू आहेत. शनिवारी मालनबरोबर येतो. वाटेत कदाचित दिंडोरीला उतरून थोडा वेळ उभा राहीन, मग पुढची बस धरीन. खोकी फोडू नकोस.'

रविराज कामावर निघाला होता. "द्या, मी टाकतो," तो म्हणाला. पाकीट पुढे करायला मी हात उचललाही होता. मी पाकीट खिशात ठेवलं आणि चपला घातल्या.

गुलजारबींनी विचारलं. "पोस्टात," मी म्हणालो, आणि त्यांना ऐकू गेलं.

चौकाच्या अलीकडे बॅटरीच्या दुकानाशी ती आली. छाती, मुंग्या, पुरेनासा श्वास, सगळं तसंच. कंपनीची पाळी सुटली होती, मोटारसायकली अंगावर येत होत्या. घर मागे होतं, गल्लीचा कोपरा दिसतही होता. मी तिथेच उभा राहिलो. दुकानदाराने स्टूल पुढे सरकवलं, मी मानेनेच नको म्हटलं. भीती चढत गेली, आणखी चढली, आणि मग ती जिथपर्यंत जाते तिथपर्यंत जाऊन, खरोखरच, उतरायला लागली. मला त्या मुलीची आठवण झाली, मालनची, गुलजारबींची. इतक्या माणसांनी मला चार पावलं चालवायला इतके कष्ट घ्यावेत, एवढं माझ्यात काय आहे, हे मला आजही कळलेलं नाही. पण त्यांनी ते घेतले.

शर्ट पाठीला चिकटला होता. गर्दी तशीच होती. मी रस्ता ओलांडला, पोस्टाच्या लाल पेटीशी गेलो, पत्ता एकदा नीट वाचला आणि पाकीट आत सोडलं.