उन्हाने फिरणारी धूळ

"पन सर, थ्या धुळीले फिरता फिरता अडवते कोन?"

आर्वीच्या हायस्कुलाच्या गच्चीवर प्रयोगशाळेचा चपराशी कवडू याने हे विचारले, तेव्हा सूर्य नुकताच बुडाला होता आणि वायव्येला धूमकेतूची शेपटी फिकट उमटत होती. सत्तावन्न सालचा एप्रिल होता. विज्ञानाचे मोतीलाल सर दुर्बिणीची काच पुसत होते.

"शेपटीतली धूळ फिरते, हे तुला कुणी सांगितलं?"

"आपल्या काचेच्या गोळ्यातली भिंगरी नाई का, ऊन लागलं का फिरते."

"ती गोळ्यात उरलेल्या हवेनं फिरते, बाबा. तिथं वर हवा नाही."

"हवा नाई म्हून त म्हनतो! उनाचा रेटा असते, हे तुमीच पोराईले शिकवलं. कन वाकडातिकडा असन, त रेटा एका अंगाले जास्ती बसन. थो फिरन. थांबवाले हवा नाई, मंग फिरतच राहीन, आखीन जोरात..." त्याने उजव्या हाताची उरलेली तीन बोटे मिटली. "अन् फुटन."

कवडू पूर्वी कापसाच्या जिनिंग कारखान्यात कामाला होता. धार लावायचे दगडी चाक एके दुपारी अनावर वेगात गेले आणि फुटले. त्याची दोन बोटे तिथेच राहिली. "त्याले कोनी मारलं नोतं, सर. आपल्याच फिरन्यानं फुटलं."

मोतीलाल सरांनी दुर्बिणीला डोळा लावून शेपटी पाहिली. मग हलक्या आवाजात म्हणाले, "शेपटीतले कण इतके बारीक कसे होतात, ते तू सांगितलंस की रे! पुढच्या रविवारी माझं व्याख्यान आहे. हे मांडीन, तुझ्या नावानं मांडीन. पूर्ण नाव लिहून दे."

पूर्ण नाव! आठ वर्षे या इमारतीत तो नुसता कवडू होता. कागदावर त्याने 'कवडू मंगरू' इतके लिहिले आणि लेखणी थबकली. गेल्या दसऱ्याला नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आल्यापासून तो ताठ चालायला शिकला होता. पण बापाला मात्र गावात कोणी कधी 'जी' लावला नव्हता, आणि बाप तसाच गेला होता. कवडूने हळुवार हाताने लिहिले: कवडू मंगरूजी थूल. सरांनी कागद वाचला, घडी घालून खिशात ठेवला.

रविवारी सकाळी सभागृह भरले. धुरपता, त्याची बायको, दीक्षेचे पांढरे लुगडे नेसून अगदी मागच्या बाकावर बसली होती. कवडू दाराशी उभा होता. सर सुंदर बोलत होते. भिंगरी आली, उन्हाचा रेटा आला, वाकडातिकडा कण आला. गच्चीवरचे सारे शब्द शुद्ध मराठीची वस्त्रे लेवून एकेक करून समोरून गेले.

"एका सायंकाळी माझ्या मनात विचार आला..."

कवडूला वाटले, नाव शेवटी येत असेल. निमंत्रणपत्रिकेत नावे तळाशीच असतात.

"वेगाने वस्तू कशी फुटते, याचा पुरावा आपल्याच शाळेत आहे. हा आमचा चपराशी. कवडू, ये. हात दाखव."

तो मंचावर गेला. क्षणभर त्याने सरांच्या खिशाकडे पाहिले. मग हात वर केला. कुणी हळहळले, कुणी मान उंच करून पाहिले. मागून एक टाळी वाजली आणि साऱ्या सभागृहाने ती उचलली.

उतरताना सरांनी त्याच्या खांद्यावर थोपटले. "अगदी वेळेवर हात वर केलास."

घराकडे जाताना धुरपता चालत त्याच्या बरोबरीला आली. तिने सासऱ्यांबद्दल विचारले, "मामाजीचं नाव कवा घेतलं वो? मले आयकू नाई आलं."

"घेतलं. तू लय मांगं होती."

"तुमी हात वर केला, तवाच घेतलं असन." ती हसली. "म्हून त सर्व्यात पह्यले टाळी मीच वाजवली. 'जी' लावला होता ना?"

"लावला होता."

डोक्यावर ऊन आले होते. भिंतीच्या कडेने सावलीची एक अरुंद पट्टी उरली होती. ती तिच्यासाठी सोडून कवडू रस्त्याच्या मधून चालू लागला.